सिनेमाआधीची दहा मिनिटं

संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी म्हटल्यावर तुम्ही सावरून बसलात ना? आता हा लाठी खाणार, रक्तानं भिजलेला सदरा दाखवणार, तुरुंगातल्या डाळीतले खडे सांगणार आणि शेवटी डोळे पुसत झेंड्याकडं बघणार. बसा आरामात. यातलं काही होणार नाही. लाठी मी खाल्लीच नाही. खाल्ली असती तर ती चुकवताना कसा पळालो त्याची नक्कल करून दाखवली असती. तुरुंगात मी एक तासभरही नव्हतो. त्या सगळ्या गदारोळात मी लालबागच्या एका थेटरात दारावर उभा होतो, हातात बॅटरी घेऊन, आणि उशिरा येणाऱ्यांना अंधारात त्यांची जागा दाखवत होतो. डोअरकीपर. झालं?

पण राग म्हणाल तर राग माझ्याइतका कुणाला आला नसेल. मोर्चातला माणूस एकदा चिडतो, ओरडतो, घरी जाऊन जेवतो. मला सरकारचं बोलणं रोज तीनदा ऐकावं लागायचं. तीनच्या खेळाला, सहाच्या आणि नऊच्या. रविवारी सकाळचा जादा खेळ, म्हणजे चारदा. कायदाच होता तसा. कुठलाही सिनेमा लावा, देवाचा लावा नाहीतर मारामारीचा, त्याच्या आधी सरकारनं बनवलेली दहा मिनिटांची न्यूज दाखवायचीच. सगळे तिला नुसतं 'न्यूज' म्हणायचे. "न्यूज चालूय का? मग चल, बिडी मारून येऊ." पिटातलं, म्हणजे पडद्यापुढच्या सगळ्यात स्वस्त बाकड्यांवरचं, पब्लिक दहा मिनिटं बाहेर, आत रिकामी बाकडी, आणि त्या रिकाम्या बाकड्यांना सरकार सांगतंय की देश पुढं चाललाय.

काय असायचं त्यात? एक पाहुणा विमानातून उतरणार. त्याच्या गळ्यात हार. एका धरणाचा दरवाजा उघडणार. पाणी. मग एक बाई फीत कापणार. मग कुस्ती नाहीतर क्रिकेट, म्हणजे आम्ही खूश. आणि या सगळ्यावर तो आवाज! जाड, संथ, तुपात तळून काढलेला. "आणि अशा रीतीने... प्रगतीच्या वाटेवर... आणखी एक पाऊल." मराठीच, पण असली मराठी मी तासगावात ऐकली नव्हती आणि लालबागमध्येही नाही. बोलणारा प्रत्येक वाक्य असं सोडायचा जणू खाली लोक झेलायला उभे आहेत.

मी तो आवाज आठ दिवसांत उचलला. नकला करणं हा माझा जन्माचा रोग. तासगावच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करताना हेडमास्तरच मागं उभे होते, आणि माझं शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडं थांबलं त्यात त्या दुपारचा वाटा मोठा. मुंबईत आलो, घोडपदेवला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकली आणि ओळखीनं थेटरात लागलो. तिथं मला नाव पडलं नकल्या.

सिनेमांवरही माझा राग होताच. लोक एक सिनेमा एकदा बघतात, रडतात, विसरतात. मी एकेक सिनेमा चाळीस-पन्नास वेळा बघितलाय. पन्नासाव्यांदा बघताना गाणी ऐकू येत नाहीत, फक्त उपदेश ऐकू येतो. गिरणीचा सिनेमा असला की ठरलेलं. संप करा म्हणणारा माणूस तिरकी टोपी घालणार, सिगारेट ओढणार आणि मध्यंतरानंतर तो चोर निघणार. चांगला कामगार कोण? जो हात जोडून मालकाला 'मायबाप' म्हणतो. शेवटच्या रिळात मालकाचं मन पालटतं, तो येऊन कामगाराला मिठी मारतो. अरे, लालबागमध्ये एवढे दिवस काढले, ते शेवटचं रीळ तिथं कधी आलंच नाही! आणि त्या हिंदी सिनेमांत आमचा मराठी माणूस कोण असायचा? भांडी घासणारी बाई नाहीतर हाफपँटीतला हवालदार. ज्या शहरात सिनेमा बनतो त्या शहराच्या माणसाला त्यात एक वाक्य. "जी साब." बस.

आमच्या केबिनमधले ऑपरेटरकाका, म्हणजे मशीनवर सिनेमा चालवणारे, मला म्हणायचे, "तू आत्ता चिडतोस. मी पंधरा वर्षं हेच लावतोय." नायगावच्या चाळीत राहायचे, पुढं छप्पनच्या दसऱ्याला घरादारासकट बुद्धाकडं गेले. त्यानंतर एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "आमची एवढी माणसं एका दिवशी एका मैदानात जमली. धर्म बदलला. दहा मिनिटांच्या न्यूजमध्ये मी तरी ते कधी लावल्याचं आठवत नाही. धरण मात्र महिन्याला एक लावतो. नकल्या, कॅमेरा कुणाकडं तोंड करून ठेवायचा, यातच सगळं आलं बघ."

तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं. मी ते आमच्या कलापथकातही वापरलं. हो, मी कलापथकातही होतो. सुट्टीच्या दिवशी शिवाजी पार्कच्या, परळच्या सभांआधी आम्ही वगनाट्यं करायचो. मी पोटाला उशी बांधून मुंबई गिळायला निघालेला शेठजी व्हायचो. लोक हसून लोळायचे. चाळीखालचा गुजराती दुकानदार एकदा पोराला घेऊन बघायला आलेला. मध्येच उठून गेला. दुसऱ्या दिवशी मला साखर बांधून देताना त्यानं मान वर केली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही तेव्हा. आपला राग खरा, तर आपली नक्कलही खरी, असा माझा हिशोब होता.

आता मावशीकडं येतो, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे.

मावशी म्हणजे माझी सख्खी कुणी नव्हे. लालबागमध्ये मसाल्याच्या गिरणीला लागून तिची खाणावळ होती. एक खोली, एक चूल, जमिनीवर दोन पंगती. मालवणकडची बाई. नवरा गिरणीतच छातीच्या दुखण्यानं गेलेला. एकुलता मुलगा एकोणीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. मला ती 'घाटी' म्हणायची आणि आमटीत जास्तीचं खोबरं घालायची.

मुंबई आपल्याला मिळणार नाही अशी बातमी आली आणि शहर पेटलं, त्या दिवसांत तो पोरगा मोर्चात गेला. गेला तसा परत आला नाही. गोळी लागली. मी त्याच्यावर जास्त लिहिणार नाही, मी त्याला फक्त पंगतीत बघितलेला. भात संपला की ताट वाजवायचा, एवढं आठवतं.

महिन्यानं कळलं की मावशीकडं त्याचा फोटो नाही. एकही नाही. लग्न झालेलं नव्हतं, शाळेतला ग्रुप फोटो असायला तो शाळेत तेवढा टिकला नव्हता. दोन माणसं खाणावळीत आली होती, हुतात्म्यांचे फोटो गोळा करत. मावशीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "नाय हो. काढूचो रवलो." ते गेल्यावर ती चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, "घाट्या, माका आता तेचा कपाळ नीट आठवना नाय रे. डोळे आठवतत. कपाळ नाय."

त्याच आठवड्यात पंगतीतला एक जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, गिरगावातल्या मोठ्या थेटरात सिनेमा बघून आला. बोलला, "मावशे, न्यूजमध्ये आपला मोर्चा दाखवला. पुढच्या रांगेत मफलर गुंडाळलेला, एक बाही वर केलेला. तुझाच झील गो! शपथ." झील म्हणजे पोरगा.

मावशी तशीच निघाली होती, पण जॉबरनं सिनेमा बघितला होता गुरुवारी, आणि शुक्रवारी न्यूज बदलते. गिरगावातून ते रीळ हललं होतं. मी ऑपरेटरकाकांना विचारलं. त्यांनी समजावलं. सरकार प्रत्येक न्यूजच्या मोजक्याच कॉप्या काढतं. पहिला आठवडा मोठ्या थेटरांत. मग तीच रिळं उतरत उतरत लहान थेटरांत. आमचं थेटर मुंबईत शेवटून दुसरं-तिसरं. आमच्याकडं न्यूज यायची ती पार शिळी होऊन, ओरखड्यांनी पाऊस पडत असलेली. आमच्यानंतर ती रिळं गावोगावच्या जत्रेतल्या तंबूंत जायची. "म्हणजे येणार आपल्याकडं," काका म्हणाले. "पाच-सहा आठवडे धर. पण कुठल्या शुक्रवारी ते मला नाही सांगता येत."

मग मावशी दर शुक्रवारी तीनच्या खेळाला यायला लागली. आयुष्यात सिनेमा न बघितलेली बाई. मी तिला दारातून आत घ्यायचो. सगळं पिट बिडी ओढायला बाहेर आणि ती एकटी आत, पिटाच्या शेवटच्या बाकड्यावर, मागच्या कठड्याला टेकून. पुढं बसायची नाही. पुढं बसलं की डोळे दुखतात म्हणायची. न्यूज संपली, सिनेमाचं नाव पडद्यावर आलं की उठायची. आत येणाऱ्या गर्दीतून वाट काढत ती बाहेर जायची. लोक तिला म्हणायचे, "अगो मावशे, सिनेमा आता सुरू होतोय!" ती म्हणायची, "माझो संपलो."

पाच शुक्रवार धरण, पाहुणे, भुईमूग, परत पाहुणे. प्रत्येक शुक्रवारी ती तो तुपातला आवाज दहा मिनिटं निमूट ऐकायची आणि प्रत्येक शुक्रवारी माझं डोकं तापायचं. एका आईनं आपल्या पोराचं तोंड बघायला ह्या माणसाचं देशप्रेम सोसायचं! रात्रीच्या जेवणाला मी तोच आवाज काढायचो. "आज लालबाग येथील एका सुप्रसिद्ध खाणावळीत... बांगड्यांचे... भव्य स्वागत करण्यात आले. प्रगतीच्या वाटेवर आणखी एक काटा." पंगत हसायची. मावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली एकदा. मला वाटलं, नकल्या, तू पुण्य कमावतोयस.

सहाव्या शुक्रवारी सकाळी काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. डब्यावरची चिठ्ठी दाखवली. "आलंय. यातच असणार. त्या आठवड्याचं आहे."

मी धावत खाणावळीत गेलो. मावशीनं हातातलं सुकट टाकलं, दुपारची पंगत रद्द केली आणि शेजारणीला सांगून चूल विझवली. नवं लुगडं नेसली. थेटराच्या पायऱ्या चढताना माझा दंड धरला आणि म्हणाली, "किती वेळ दिसात रे?"

"जॉबर म्हणतो चार-पाच सेकंद. मोर्चा पडदाभर येतो, त्यात."

"म्हणजे किती?"

मी चार टिचक्या वाजवून दाखवल्या. तिनं मान हलवली. "बरो आसा. तेवढो पुरे. समोर कोण उभो रवलो तर तेका बसव हां."

"तू काळजी करू नको. आज न्यूजला कोण हालला तर बॅटरी डोक्यात घालतो."

पण बातमी फुटली होती. आज न्यूजमध्ये आपला मोर्चा आहे म्हणून पिट बाहेर गेलंच नाही. पहिल्यांदाच असं झालं. बाकडी भरलेली, कडेनं लोक उभे. मी शिट्ट्या मारून, हात धरून सगळ्यांना खाली बसवलं. शेवटच्या बाकड्यावर मावशी, तिच्यासमोर सरळ मोकळा पडदा. मी स्वतः तिच्या मागं, पिट आणि मागच्या महाग स्टॉलच्या मधल्या लाकडी कठड्याजवळ उभा राहिलो, सगळ्यांवर नजर ठेवायला.

अंधार झाला. पाहुणा उतरला. हार. कुणीतरी ओरडलं, "पुढं घे रे!" एक कारखाना. एक कुस्ती, तिलाही कुणी टाळी दिली नाही. आणि मग तो आवाज जरा खाली आला, दुःखी झाल्यासारखा. तुम्हाला सांगतो, तो दुःखी झाला की जास्तच खोटा वाटायचा.

"मुंबई शहरात... काही वाट चुकलेल्या तरुणांनी... नुकताच शांततेचा भंग केला."

वाट चुकलेल्या.

माझ्या कानात तो शब्द गेला आणि पुढचं मी ठरवून केलं असं मला म्हणता येणार नाही. ठरवलं नव्हतं असंही म्हणत नाही. बांगड्यांच्या वेळेस हसलेली ती पंगत, कलापथकाच्या टाळ्या, पाच शुक्रवारांचा साचलेला जाळ, सगळं गळ्याशी आलं. मी त्या कठड्यावर चढलो आणि त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोललो,

"हे तरुण... वाट चुकलेले नव्हते! ते सरळ चालले होते. गोळीच... आडवी आली!"

क्षणभर लोकांना कळेना की हा आवाज पडद्यातून येतोय की कुठून. मग कळलं. थेटर फुटलं हो! शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. मी थांबतोय कशाला!

"सरकारच्या वतीने... आईबापांना... भव्य अश्रुधूर अर्पण करण्यात आला. प्रगतीच्या वाटेवर... आणखी एक प्रेत!"

सगळं पिट वळून माझ्याकडं बघायला उभं राहिलं. स्टॉलचे लोक बाकड्यांवर चढले. "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे!" भिंती हादरल्या. कुणीतरी माझे पाय धरून मला खांद्यावर घेतलं. मी दोन्ही हात वर केले. माझ्या मागं पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, माझी पाठ होती तिकडं. मी वळून बघितलं तेव्हा समुद्र होता. चौपाटीवर एक बाई पोराला फुगा घेऊन देत होती आणि तो तुपातला आवाज सांगत होता की शहरातलं जनजीवन आता पूर्ववत झालं आहे.

दिवे लागले. मॅनेजर धावत आला, त्याची पानाची लाल थुंकी हनुवटीवर आलेली. "कोण? कोण बोलला? लायसन जाईल माझं, भडव्यांनो!" मग त्यानं मला खांद्यावर बघितला. "तू? साल्या, तुला अंधारात माणसं बसवायला ठेवलाय की उठवायला? उद्यापासून दिसलास तर तंगड्या तोडीन." निळ्या हाफपँटीतले दोन हवालदार पुढच्या दारानं आत शिरले तेव्हा पब्लिकनं मला मागच्या दारानं बाहेर काढलं होतं. नोकरी गेली, आणि मी राजा झालो होतो.

समोरच्या इराण्याकडं मला बाकावर उभं करून तीच दोन वाक्यं सात-आठ वेळा बोलायला लावली. प्रत्येक वेळी नवे लोक, नवी टाळी. कुणी ब्रुनमस्का दिला, कुणी खिशात पानामा सिगारेट घातली. एक म्हातारा कामगार डोळे पुसत म्हणाला, "पोरा, आज सरकारच्या तोंडावर मारलीस." मी म्हणालो, "अजून आहे, आजोबा, थांबा," आणि नववी वेळ सुरू केली. रागासारखी गोड गोष्ट नाही, लोक ऐकत असले की.

सहाच्या खेळाच्या आधी ऑपरेटरकाका चहाला आले. ते हसत नव्हते.

"काका, ऐकलंत ना? केबिनमध्ये आवाज आला?"

"आला. मॅनेजरनं ती न्यूज उतरवली. पोलीस म्हणाले, हे लावलं तर परत दंगा. डबा टॅक्सीत घालून परत पाठवला. आता भुईमुगाची लागवड लावलीय."

"परत पाठवला म्हणजे? सहाच्या खेळाला नाही? उद्या?"

"नाही. आपल्याकडं आता नाही. आता ती तंबूत जाईल, कुठल्या गावच्या ते देवाला ठाऊक." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "नकल्या, बाईंनी बघितलं का रे?"

मी म्हणालो, "बघितलं असेल की. समोरच बसलेली."

"मी खिडकीतून खाली बघितलं. मला सगळ्या उभ्या माणसांच्या पाठी दिसल्या. बाई नाही दिसल्या."

मी इराण्याकडनं उठलो. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे हिरो, अजून एकदा!" मी गेलो. रस्ता दोन मिनिटांचा. मनात म्हणत होतो, चार टिचक्या म्हणजे काही कमी नाही. उभी राहिली असेल ती. बाकड्यावर चढली असेल. नव्या लुगड्यात, त्या वयात, कशी चढली असेल, हे मात्र मनात आणत नव्हतो.

खाणावळीत पंगत नव्हती. चूल पेटलेली होती. मावशी नवं लुगडं बदलून जुन्यात बसली होती आणि तांदूळ निवडत होती. मला बघितल्यावर हात थांबला नाही.

"इलंस? ये. बस थंय. टाळ्यांनी पोट भरला नाय आसात तर ताट घे."

"मावशी, दिसला का तो?"

"कोण?"

"मावशी..."

"तू दिसलंस. लोकांच्या खांद्यार. तुका बरो बघितलंय मी. तुझी पाठ बघितली, तुझे हात बघितले. समोरच्यांच्यो टोपयो बघितल्यो. एकाची छत्री बघितली. मी म्हणत होतंय, अरे बसा, अरे बसा रे मेल्यांनो. कोण आयकता? सगळे तुझा आयकत होते."

"पण तो माणूस त्याला वाट चुकलेला म्हणाला गं! मला राग आला. तुझ्या पोराला असं म्हणतो म्हणजे काय?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हणांदे मरे! म्हणालो तर म्हणालो. तेच्या म्हणण्यान माझो झील तसो होता काय? पाच शुक्रवार मी त्या बाबाचा सगळा आयकलंय. पाणी, भुईमूग, सगळा. तोंडातसून एक शब्द काढलंय काय? माका काय राग येणा नव्हतो? माका तुझ्यापेक्षा कमी येता? माका थंय आयकूक जावचा नव्हता, घाट्या. माका बघूक जावचा होता. त्या सरकारच्या माणसान माझ्या झिलाक शिव्या घातल्यान, पण चार टिचक्ये तरी दाखवल्यान. तू तेवढोय ठेवलंस नाय."

मी म्हणालो, "मी शोधतो ते रीळ. काकांना विचारतो, तंबूवाल्यांना विचारतो."

"काय शोधतलंस? उद्या परत कोणतरी काय म्हणात, तुका परत राग येतलो, परत तू खांद्यार चढतलंस. तुझो राग खरो आसा, माका म्हायती आसा. पण तो तुझो आसा. माझ्या झिलाच्या नावान कित्याक फिरवतंस तो? तो काय तुझ्या नाटकातलो आसा? तेका भात लागा, तेका मफलर लागा, तेका माझी बोलणी लागत. टाळये लागत नव्हते तेका."

मी रडायला लागलो. ती थांबली नाही.

"रडा नको. रडण्याचीय नक्कल करशीत उद्या. घे ताट, आमटी गरम आसा, जेव आणि मुकाट्यान जा. आणि सांगून ठेवतंय, माझ्या चुलीसमोर परत त्या बाबाचो आवाज काढलंस, तर ही पळी दिसता काय? आमटीसकट तोंडार घालीन."